मोरी लागली

पाण्यात मासा असतो, काठावर माणूस असतो; मध्ये फक्त दोर लागतो, असं इंद्रजीतचं म्हणणं होतं. जायकवाडीच्या पाण्यातून त्यानं रोहू काढले होते, कटला काढले होते, एकदा तर कुणाची तरी छत्रीही काढली होती. आता राहिला होता शार्क! त्यात काय एवढं, गळ मोठा घ्यायचा, असं त्यानं गुलमंडीतल्या आपल्या पडदे-चादरींच्या दुकानात मांडी ठोकून जाहीर केलं.

हे ऐकायला मेहुणा अभय बसला होता, तिथंच चुकलं. दाजींच्या तोंडून निघालेला शब्द खाली पडू द्यायची अभयला सवय नव्हती. त्यानं लगेच पैज मांडली: शार्क मिळाला तर सगळ्या दुकानदारांना जेवण अभयकडून, नाही मिळाला तर दाजींनी मिशी उतरवायची.

ती मिशी म्हणजे नुसते केस नव्हते, दुकानाचं निम्मं भांडवल होतं. चादरीचा भाव सांगून इंद्रजीतनं मिशीवरून एकदा हात फिरवला, की गिऱ्हाईक घासाघीस विसरून पाकीट काढायचं. अशी मिशी पणाला लावणं म्हणजे चालत्या दुकानाचं शटर आपल्याच हातानं ओढणं! पण चार गिऱ्हाइकांसमोर माघार कशी घ्यायची? त्यानं ताठ मानेनं पैज घेतली आणि वर स्वतःच अट घातली, की गळ टाकल्यापासून मासा वाळूत येईपर्यंत काठीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

डिसेंबरात दोघं गाडी काढून मालवणच्या बाजूला एका गावात उतरले. तिथं वाट दाखवायला बाबल नावाचा मच्छीमार मिळाला. इंद्रजीतनं त्याला मोबाइलवर शार्कचा फोटो दाखवून हा काठावरून मिळेल का, असं विचारलं. बाबलनं फोटो न्याहाळला, मान डोलावली आणि गळाला लावायला बांगडे आणायला गेला. बोलण्यात तो जपून होता. काठीला हात न लावायची अट मात्र त्यानं देवाची आण घातल्यासारखी मनावर घेतली.

रात्री किनाऱ्यावर बोचरा वारा सुटला. आमच्याकडची थंडी बघा, ही काय थंडी, असं संध्याकाळीच सांगून झाल्यामुळं इंद्रजीतला कुडकुडायचीही सोय नव्हती. शेवटी तो दुकानातून आणलेली डबलबेडची रजई गुंडाळून, समुद्राकडं पाठ करून, चहाचा थर्मास मांडीत घेऊन बसला. लांबून पाहणाऱ्याला गुंडाळून ठेवलेली गादीच वाटावी. मागं काठी वाळूत रोवलेल्या पाइपात उभी होती. अभय लांब गाडीपाशी शेकोटी पेटवत होता.

बाबल जवळ आला आणि हळूच म्हणाला, "शेठ, मोरी लागली."

इंद्रजीतला दया आली. त्याच्या घरी मोरी म्हणजे नळाखालचा कोपरा. तिथं भांडी घासतात, हातपाय धुतात, आणि थंडीच्या रात्री लांब जायचा कंटाळा आला तर गुपचूप हलकंही होऊन येतात. एवढा बाप्या माणूस, आणि परवानगी मागतोय बिचारा!

"जा की मग," तो आपुलकीनं म्हणाला. "अंधारात कोण बघतंय?"

बाबल गोंधळला. "मी कित्याक? तुमचीच लागली."

इंद्रजीतनं स्वतःच्या पोटाचा अदमास घेतला. चहा बराच झाला होता हे खरं, पण तशी घाई नव्हती. "मला नाय लागली अजून."

"लागली म्हणतंय मा. मोठी आसा."

आता इंद्रजीत गंभीर झाला. हा माणूस लाजेपोटी आपलं दुखणं दुसऱ्याच्या नावावर सांगतोय, हे त्यानं ओळखलं. आणि मोठी म्हटल्यावर तर थांबून चालणारच नव्हतं. त्यानं रजईतून हात काढून पाण्याची बाटली पुढं केली आणि सुरूच्या झाडांकडं बोट दाखवलं.

"जाता ती, शेठ," बाबल कळवळून म्हणाला. "बगा, पळता."

"मग तुम्ही बी पळा ना, भाऊ. बोलत काय बसलात?"

बाबल बाटली हातात धरून एकदा काठीकडं, एकदा शेठकडं बघत राहिला. हात लावायची तर बंदी! तेवढ्यात मागं 'फट्' असा आवाज झाला. इंद्रजीत वळला. पाइप रिकामा होता आणि काठी वाळूवरून एकटीच समुद्राकडं निघाली होती, बस चुकत असल्यासारखी!

तो रजईसकट धावला, रजईत पाय अडकून आपटला, उठला, आणि कमरेएवढ्या पाण्यात त्यानं काठी गाठली. बाबलच्या बॅटरीच्या उजेडात लाटेच्या पोटात एक करडी पाठ चमकली. भिजलेली रजई आता दोन माणसांच्या वजनाची झाली होती. शार्क पुढं ओढत होता, रजई मागं ओढत होती, मध्ये इंद्रजीत. शेवटी दोर तुटला आणि रजई जिंकली.

काठावर आल्यावर त्यानं सांगितलं, की लांबी अडीच मीटर तर होतीच, शिवाय पन्हाही मोठा होता. बाबलनं निमूटपणे दोन हातांत अंतर धरून दाखवलं. ते उशीच्या अभ्र्याएवढं होतं. आणि मग त्यानं खुलासा केला, की आमच्याकडं शार्कलाच मोरी म्हणतात.

धावत आलेला अभय हे ऐकून वाळूतच बसला. इंद्रजीतनं शेवटचा प्रयत्न करून पाहिला: गळाला लागला होता, म्हणजे मिळाल्यातच धरायला हवा.

"लागला होता हेच तर बाबलभाऊ सांगत होते, दाजी," अभय डोळे पुसत म्हणाला. "तुम्ही त्यांना झाडीत पाठवत होता."

दुसऱ्या दिवशी गावातल्या न्हाव्यानं मिशी उतरवली. घरी दीपमालानं दार उघडलं, नवऱ्याकडं बराच वेळ बघितलं, आणि त्यानंतर दोन दिवस ती त्याच्यासमोर उगाचच पदर सावरत वावरत होती.

मग दुकान उघडणं भागच पडलं. पहिल्याच गिऱ्हाईक कडूबाई, घरच्या लग्नासाठी गठ्ठाभर चादरी घ्यायला आलेल्या. इंद्रजीतनं भाव सांगितला. सवयीनं हात ओठावर गेला आणि तसाच घसरून हनुवटीवर आला. कडूबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बाळा, तुझ्याशी काय भाव करू? तुझ्या बापाला बोलीव."

इंद्रजीतनं बाप कोकणात गेलाय म्हणून सांगितलं.

"मंग कधी येणार हाय त्यो?"

त्यानं वरच्या ओठावरून बोट फिरवून नीट अंदाज घेतला.

"दीड महिना तरी लागंल, मावशी."