ठमीची टिकटिक

"गाडीला काय झालंय ते मला विचारा! मिस्त्री पान्हा शोधेपर्यंत मी रोग सांगून मोकळा होतो!"

घड्याळजी हे वाक्य येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत, आणि खरं सांगायचं तर त्यात अगदीच थाप नव्हती. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला, त्यामुळे कान तयार! त्यात त्यांची छोटी गाडी, लाडाचं नाव ठमी, इतकी म्हातारी झालेली की कानाला रोज नवा सराव. बॉनेटखाली किंचाळी ऐकली, "फॅनबेल्ट" म्हणाले, फॅनबेल्टच निघाला. सायलेन्सर सैल झाल्याचं तर त्यांनी चहा पिता पिता खिडकीतून सांगितलं होतं.

म्हणून एका सकाळी सिग्नलला गाडी थांबली आणि बायको म्हणाली, "अहो, हे टिकटिक काय वाजतंय?" तेव्हा घड्याळजींनी ऐटीत कान टवकारले. इंजिनची घरघर ऐकू आली. दाराची खडखड ऐकू आली. मागच्या बसमधल्या कंडक्टरचा खोकलासुद्धा ऐकू आला. टिकटिक मात्र कुठेच नाही!

एखादा सरळ माणूस म्हणाला असता, "मला नाही बुवा ऐकू येत." पण ज्याचं पोट कानावर चालतं, त्याने हे बायकोसमोर कबूल करायचं म्हणजे काय!

"हां, ते होय? टॅपेट," घड्याळजी गंभीरपणे म्हणाले. "मी कालपासूनच ऐकतोय."

झालं! इंजिनातले टॅपेट ढिले झाले की टिकटिकतात हे मिस्त्रींनाही मान्य होतं. त्यांनी टॅपेट आवळले, घड्याळजींनी दुकानातलं भिंग डोळ्याला लावून इंजिनात डोकावत सूचना दिल्या, आणि जोडी गाडीत बसली.

"आता?" घड्याळजींनी विचारलं.

"आहे तस्सं आहे!" बायको म्हणाली.

"हो, आहे खरं," घड्याळजी घाईघाईने म्हणाले. "पण सूर बदललाय. प्लग बघा, मिस्त्री!"

प्लग बदलले. मग पेट्रोलचा पंप बदलला. प्रत्येक वेळी रोग घड्याळजींनी सांगायचा, पैसे घड्याळजींनी मोजायचे आणि टिकटिक बायकोने ऐकायची, अशी कामाची वाटणीच ठरून गेली. मिस्त्री बिचारे चक्रावले. बॉनेटपाशी उभं राहिलं तर आवाज नाही, आत बसलं की आहे! इंजिन बंद केलं तरी आहे!

"गरम लोखंड गार होताना वाजतं," मिस्त्री म्हणाले.

"सकाळी गाडी गार असते, तेव्हाही वाजतं," बायको म्हणाली.

मिस्त्रींनी डोकं खाजवलं. "डिकीत काही सुटं पडलंय का?"

"छे! डिकी मी स्वतः झाडलीय. आत नुसतं मॅटिंग आहे, बाकी काही नाही," घड्याळजी म्हणाले.

"मग इंजिन खोलावं लागेल." मिस्त्रींनी खर्चाचा आकडा सांगितला. त्या आकड्यात ठमीसारख्या दोन ठम्या आल्या असत्या! बायकोने पदर खोचला आणि निकाल दिला. "पुरे झालं. रविवारी भंगारात."

याच गाडीतून त्यांनी तान्ह्या लेकीला दवाखान्यातून घरी आणलं होतं, सबंध रस्ताभर दुसऱ्या गिअरमध्ये. ठमी म्हणजे घरातलंच माणूस. पण आता "मला तो आवाज कधी ऐकूच आला नाही" म्हणायचं तर इतके दिवस कशाच्या जोरावर पैसे ओतले, हे सांगावं लागणार! त्यांनी रविवारला मान डोलावली.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन.

"जावईबापू, माझं घड्याळ झालं का हो? डोक्याशी त्याची टिकटिक नसली की मला झोप लागत नाही. नुसती कूस बदलत पडते."

"पार्ट मागवलाय, येईलच," घड्याळजी म्हणाले.

पार्ट कसला अन् काय! घड्याळ केव्हाच दुरुस्त झालं होतं. नवा सेल घालून त्यांनी ते पोचवायला म्हणून घेतलं, काच फुटू नये म्हणून अगदी जपून ठेवलं, आणि कुठे ठेवलं ते साफ विसरले. जपून ठेवलेली वस्तू स्वतःलाच न सापडणं, हा त्यांचा जुना गुण. सगळं दुकान उपसून झालं होतं.

रविवारी सासूबाईही निघाल्या. "माझी शेवटची फेरी होऊ दे ठमीतून," म्हणत त्या मागच्या सीटवर बसल्या, टेकल्या, आणि गल्ली संपायच्या आत घोरायला लागल्या! बायको चकित झाली.

"अहो, आई झोपली! किती दिवसांनी!"

"माझं ड्रायव्हिंग," घड्याळजी उदासपणे म्हणाले.

भंगारवाल्याने ठमीभोवती एक चक्कर मारली, चाकाला लाथ घातली. घड्याळजींना ती स्वतःच्या नडगीवर बसल्यासारखी वाटली. त्यांनी इंजिन बंद केलं आणि किल्ली काढली.

"आई, ऊठ. उतरायचंय," बायको म्हणाली.

सासूबाईंनी डोळे मिटूनच विचारलं, "किती वाजले?" आणि सवयीने मान वर करून सीटच्या मागे बघितलं. "अगं, घड्याळ कुठाय माझं? आवाज तर येतोय!"

गाडीत शांतता पसरली. म्हणजे बाकीच्यांसाठी नाही, फक्त घड्याळजींसाठी.

बायकोने डिकी उघडली, मॅटिंग ओढून काढलं. खाली स्टेपनी. स्टेपनीच्या खळग्यात तिचीच जुनी शाल, आणि शालीत सासूबाईंचं भिंतीवरचं घड्याळ, खणखणीत टिकटिकत असलेलं!

"अहो! एवढा मोठा आवाज, आणि तुम्ही टॅपेट टॅपेट काय म्हणत होतात?"

घड्याळजींनी खाली मान घातली. "अगं, दुकानात भिंतभर घड्याळं. तिथे दिवस काढून काढून... टिकटिक तेवढी मला ऐकूच येत नाही. बाकी सगळं येतं!"

बायको आधी लाल झाली, मग जी हसत सुटली ती ठमीच्या टपावर हात टेकूनच थांबली. भंगारवाला मोजायला काढलेले पैसे परत खिशात घालू लागला. घड्याळजींनी झटकन किल्ली लावली. नवे प्लग, नवा पंप, आवळलेले टॅपेट. ठमी अशी सुरू झाली की जणू आत्ताच शोरूममधून निघाली! जाताना त्यांनी भंगारवाल्याला हातसुद्धा केला.

"बघा! रोग शेवटी सापडलाच की नाही?" फाटकाबाहेर पडताच त्यांची छाती पुन्हा फुगली. "आणि सासूबाई, दुरुस्ती कशी झालीय? इतके दिवस खड्ड्याखड्ड्यांतून फिरलं, पण एकदा तरी बंद पडलं?"

मागच्या सीटवर सासूबाईंनी घड्याळ मांडीवर घेतलं, चष्मा लावला, आणि बायकोच्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं.

"दहा मिनिटं मागे आहे, जावईबापू."

गाडी हळू झाली. घड्याळजींनी घसा साफ केला. "द्या इकडे. उद्या बघतो."

"नको नको!" सासूबाईंनी घड्याळ दोन्ही हातांनी छातीशी धरलं. "मागेच राहू दे! परत तुमच्याकडे दिलं, तर पार्ट येईपर्यंत मी जागीच!"