भ्यायला शिकवणारे चांगूनाना

आमच्या शेजारचे चांगूनाना गावातल्या लहान मुलांची भुतांशी ओळख करून देतात. थट्टा नाही, अगदी रीतसर ओळख. मूल पहिलीत गेलं की नाना त्याच्या बोटाला धरतात आणि भर दुपारी गावभर फिरवतात. विहिरीत वाकून सांगतात, "हा आपल्या म्हादूचा नातू. नीट बघून ठेव." मग थांबतात. खालून कुणीतरी "बरं" म्हणावं, इतका वेळ थांबतात. त्या थांबण्यातच मुलाची गाळण उडते.

रेवसच्या अलीकडे, खाडीला लागून आमचं गाव. नानांच्या मते इथल्या सगळ्या वाईट जागा भुतांनी आपसात वाटून घेतल्यात. देवळामागच्या विहिरीतला म्हातारा वाकणाऱ्याला आत ओढतो. तिवरांच्या झाडीखालच्या चिखलातला खलाशी पायातली चप्पल ठेवून घेतो. रस्ता रुंद होऊन डंपर धावू लागले, तेव्हा नानांनी वळणावर एक बाईही आणून उभी केली. न बघता रस्ता ओलांडणाऱ्या पोरांवर तिचा फार राग. आणि उघाडीपाशी बायो. खाडीच्या बांधाला पाणी सोडायची झडप असते, तिला आमच्याकडे उघाडी म्हणतात. बाकीच्यांबद्दल नाना रंगवून रंगवून सांगत, बायोबद्दल मात्र एवढंच, "ती हाक मारते. ओ द्यायची न्हाय."

माझीही ओळख झाली होती. मी ओ दिली नाही, पण घरापर्यंत किंचाळत धावले. पुढे लग्न होऊन पनवेलला जाईपर्यंत त्या बाजूला फिरकले नाही.

हल्ली नानांचा धंदा बसलाय. मोठी मुलं मोबाईल घेऊन विहिरीवर गेली आणि म्हाताऱ्याचं रील काढून आली. "भूत लाजला नी पलाला," नाना कळवळून म्हणाले. "तुमी पोरांना सगला शिकवताव गो. भ्याला कोन शिकवनार?"

"नाना, आता मुलांना भीती घालत नाहीत," मी म्हटलं. "समजावून सांगतात."

या मे महिन्यात मी माझ्या स्वराला घेऊन माहेरी आले. ती तिसरीत आहे. तिला मी समजावून सांगितलं, ओहोटी लागली की उघाडीतून पाणी खेचलं जातं, त्याबरोबर माणूसही. तिनं नीट ऐकलं, "ओके" म्हणाली आणि दुसऱ्याच दिवशी उघाडीच्या कठड्यावर पाय सोडून बसलेली सापडली. "मला पोहता येतं ना, आई!" माझं धाबं दणाणलं. मी मुकाट्यानं नानांचं दार वाजवलं.

दुपारी आम्ही तिघं बांधावर गेलो. ओहोटी लागली होती. वारा पडलेला, तिवरांत पाखरूसुद्धा नाही. झडपेखाली पाणी बशीतला चहा भुरकावा तसं आवाज करत होतं.

नाना वाकले. "बायो, ही आपल्या सुमनची पोर. बघून ठेव."

आणि थांबले. पाण्याचा आवाज बंद झाला.

स्वरा पळाली नाही. ती नानांच्या शेजारी वाकली. "आजोबा, केवढी आहे ती?"

नाना गडबडले. "तुज्याएवरी."

"मग हाक मारते म्हणजे काय म्हणते?"

हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही सगळे पळालो होतो.

"दादा म्हनते," ते म्हणाले.

झडपेखालून पुन्हा आवाज आला. या वेळी लांबलेला. मी भुतंखेतं मानत नाही, पण तो मला पाण्याचा वाटला नाही.

"माजी भैन," नाना म्हणाले. "चिंबोऱ्या धराला आलेली. घरात सगल्यांची लारकी. तिला कोनी कदी भ्याला शिकवलाच न्हाय."

स्वरा विचारात पडली. "मग ती खाली एकटीच असते? मी खेळू तिच्याशी?" असं म्हणून ती एक पाऊल पुढे झाली.

नानांनी झडप घालून तिचं मनगट पकडलं आणि पाण्याकडे बघून असे ओरडले की मी जागच्या जागी थिजले. "हिला न्हाय, बायो! हिला बोलवाचा न्हाय! मला बोलव!"

मग बराच वेळ ते तिचं मनगट तसंच धरून उभे राहिले. मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी आळीतली मुलं चेंडू घेऊन बांधाकडे निघाली. "तिकडे नको," स्वरा अंगणातूनच म्हणाली.

"का? भूत हाय?" पोरांनी दात काढले. नाना आपल्या ओट्यावर बसून ऐकत होते.

"भूत नाही," स्वरा म्हणाली. "तिकडे गेलं की आजोबांचा हात खूप थरथरतो."

मुलं घुटमळली. सगळी नानांच्या हाताकडे बघू लागली. नानांनी तो हळूच मांडीखाली लपवला.