सासऱ्यांचं घटतं वजन

सकाळी सात वाजता सासरे वजनकाट्यावर चढले आणि एका रात्रीत चार किलो कमी भरले.

"बाबा!" त्यांची मुलगी किंचाळली. शेजारी आरशासमोर दाढी करणाऱ्या जावयाचा हात गालावरच थिजला. हे चार किलो कुठे गेले, ते घरात फक्त त्यालाच माहीत होतं.

दोन महिन्यांपूर्वी त्याने बायकोला छाती फुगवून सांगितलं होतं, "पोट असं उतरवतो की ओळखणार नाहीस!" बायको आहारतज्ज्ञ. तिने ताट आखून दिलं: अर्ध्यात भाज्या, उरलेल्यात धान्य आणि प्रथिनं. शिवाय रोज भरभर चालायचं. जावई निघायचा भरभरच. पण पोचायचा कोपऱ्यावरच्या बेकरीत! मग दर आठवड्याला काट्याखालचा स्क्रू हळूच पिळायचा. सुई शून्याच्या मागे सरकायची. पण काट्यावर चढण्याआधी सुई कुठे आहे, हे बघतो कोण? बायको तर आपल्या रुग्णांना त्याचा दाखला देऊ लागली.

अशात तापातून उठलेले सासरे लेकीकडे विश्रांतीला आले. वजन वाढवा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. लेकीने दूध वाढवलं, अंडी वाढवली, लोणी सुरू केलं. काट्यावर वजन कमीच! आणि इकडे त्यांच्या पँटचं बटण लागेना.

"वजन घटतंय आणि पोट फुगतंय," ती रडवेली झाली. "सूज असणार ही!"

जावयाला दरदरून घाम फुटला. काल संध्याकाळी त्याने स्क्रू गुपचूप जागेवर आणायचं ठरवलं, आणि घाईघाईत नेमका उलटा फिरवला.

सकाळचा आकडा फोनवर ऐकताच डॉक्टर म्हणाले, "लगेच घेऊन या. दाखल करून घेऊ, सगळ्या तपासण्या करू."

दवाखान्याच्या बाकावर सासऱ्यांनी जावयाचा हात हातात घेतला.

"जावईबापू, मी तुम्हाला ऐतखाऊ म्हणायचो. तोंडावर नाही, पण म्हणायचो. माफ करा."

"अहो बाबा, असं काय बोलता!"

"बोलू द्या. तुम्ही घाम गाळून वजन उतरवलंत, माझं हे असं आजाराने चाललंय. माझ्यामागे हिला सांभाळा."

जावयाला धरणी दुभंगावी असं झालं.

"बाबा, खरं सांगू का? तो काटा..."

"काट्याला कशाला बोल लावता? तो बिचारा आहे ते दाखवतो."

एवढ्यात नर्स बाहेर आली. "चला आजोबा, चप्पल काढून काट्यावर या."

सासरे मागे सरले. "आधी आमच्या जावयांना चढू द्या. यांचा आकडा बघितला की मला धीर येतो."

"चढ ना रे!" बायकोने डोळे पुसले. "बाबांसाठी एवढं कर."

जावयाने एक चप्पल काढली आहे. दुसरीचा पट्टा, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, काही केल्या सुटत नाही.