मांगुराच्या पिल्लांचा चौथा दिवस

पत्राला उत्तर न देणे ही प्रशासनातली सर्वात निर्दोष कृती आहे. तिच्यात शुद्धलेखनाचीही चूक होत नाही. इजेबू-ओडे शहराच्या मत्स्यखात्यात बसून मी मामा अबेनींच्या (मामा म्हणजे आमच्याकडे आई) पत्राबाबत ही कृती चौदा महिने केली.

मामा टाक्यांत मांगूर माशाची पिल्ले काढतात. पिल्ले तीन दिवस अंड्यातल्या बलकावर जगतात, चौथ्या दिवशी मरू लागतात. खात्याच्या पुस्तिकेत पिल्लांना उकडलेले अंडे द्यावे असे आहे (पुस्तिका मीच लिहिली, मला खात्री नव्हती). मामांनी एका टाकीत पाणपिसवा, म्हणजे पाण्यातले बारीक जिवंत किडे, दिल्या, त्याही ओगीच्या, म्हणजे मक्याच्या आंबिलीच्या, वरच्या आंबट पाण्यात चार तास ठेवून. शंभरातली सत्तर पिल्ले जगली आणि दुप्पट वाढली. पत्रात विचारले होते: उरलेल्या चार टाक्यांतही हेच करू का? लेखी सांगा, नाहीतर पुस्तिका मोडली म्हणून माझा परवाना जाईल.

मी उत्तराचे एकवीस मसुदे केले. 'करावे' की 'करून पाहावे' येथे अडलो. मग समिती नेमली गेली. समितीने आंबट पाण्याऐवजी तसल्याच उपकारक जंतूंची परदेशी भुकटी मागवली. ती गोदीत मुदतबाह्य झाली आणि आमच्या टाकीतली पिल्ले शिस्तीत, एकाच दिवशी मेली. अहवालात यास 'एकसमान निष्कर्ष' म्हटले आहे.

शेवटी मामा स्वतः आल्या.

"बाबा, माझी पिल्लं चौथ्या दिवशी मरतात. तुमची समिती कितव्या दिवशी बसते?"

"महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी," मी टेबलाकडे पाहत म्हणालो.

"मग पिल्लांना सांगते, तोवर थांबा."

दुसऱ्या गुरुवारी समितीचे अध्यक्ष डॉक्टर शोटुंडे दुखरे पोट धरून आले. शिपायाने पेलाभर ओगीचे पाणी आणले. ते पिऊन त्यांनी डोळे मिटले. विषय क्रमांक एक होता: 'सदर पाणी अशास्त्रीय असल्याबाबत.'

"साहेब," मी घाबरत विचारले, "हे तपासलेलं आहे का?"

"माझ्या आईनं तपासलंय," ते म्हणाले आणि ठराव मंजूर करून ठणठणीत घरी गेले.

मी बाविसावा मसुदा केला: 'पाचही टाक्यांत करावे. खात्याच्या सर्वोच्च पोटावर चाचणी यशस्वी. परवान्याची काळजी नको, तो माझ्याच खणात असतो.' सही केली, ती पहिल्यांदाच न खोडता.

वाचक हसत असतील. हसून होईपर्यंत त्यांच्या खणातले ते पत्र, कोणते ते त्यांना ठाऊक आहे, आणखी थोडे जुने झाले असेल. माझे आत्ताच टपालपेटीत पडले.