आजीच्या अडखळत्या आशीर्वादाचं रहस्य

"गुन्हा घडायच्या आधीच मला त्याचा वास येतो," अशी भिंगकाका स्वतःची ओळख करून देत. गॅसवर दूध करपलं, तर त्याचा वास मात्र शेजाऱ्यांना आधी यायचा.

त्या दुपारी त्यांची पुतणी रडकुंडीला आली होती. तिची ताई दुसऱ्या दिवशी परदेशी निघणार होती आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर निरोपाची फिल्म दाखवायची होती. एरवी कॅमेरा दिसला की पदराआड जाणारी आजी या वेळी चक्क बोलली होती. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ती छान बोलायची. पण कॉम्प्युटरवर एडिटिंगला घेतली की "सु… सु… सुखा…" करत तोंड उघडं ठेवून थिजायची.

"कॅमेऱ्यात ठणठणीत, कॉम्प्युटरात आजारी," काका भिंग रोखून म्हणाले. "म्हणजे घात वाटेत झाला. वायरीत!"

वायर बदलली. आजी तशीच थिजली.

"मग आजीच काहीतरी लपवतेय." काकांनी थेट स्वयंपाकघर गाठून स्वतःच्या आईची उलटतपासणी सुरू केली. "काय बोललीस तू?"

"सुखानं राहा म्हणाले."

"न अडखळता?"

"तुला वाढवताना अडखळले नाही, आता कशाला अडखळू?"

इकडे पुतणीने फाइल नव्याने उघडली. चहाचे कप न्यायला आलेली तिची आई पडद्याकडे बघत म्हणाली, "हे काय विचारतंय गं?"

चौकटीत लिहिलं होतं : "कॅमेऱ्याने या फाइली घट्ट दाबून भरल्या आहेत. एडिटिंग सोपं जावं म्हणून बदलून घ्यायच्या का?"

"काका, हे आधी आलं होतं?"

"प्रत्येक फाइलला!" काका दारातून अभिमानाने म्हणाले. "सकाळी कॉम्प्युटरात मीच भरल्या ना. दरवेळी 'नाही' दाबलं. पुराव्यात फेरफार होऊ देईन मी?"

पुतणीने कपाळावर हात मारला. आईने माऊस ओढून 'हो' दाबलं.

काका पहाऱ्याला बसले आणि जरा वेळाने ओरडले, "अगं, या फाइली फुगतायत! विषप्रयोग!"

"बॅगेतले कोंबलेले कपडे बाहेर काढले की पसरणारच, भावजी," आई म्हणाली.

संध्याकाळी आजी पडद्यावर सलग बोलली, "सुखानं राहा. फोन करत जा. आणि भांडण झालं, तर आधी जेवून घे, मग भांड."

ताई हसता हसता रडायला लागली आणि आजीच्या कुशीत शिरली. पुतणीने वळून बघितलं, तर काका बाहीने तोंड पुसत होते.

"काय झालं, काका?"

"तपास चालू आहे," ते म्हणाले. "दोन्ही डोळ्यांत एकदमच कचरा गेलाय. मला हा योगायोग वाटत नाही."