फडक्याखालचा भाव

जानराव दलालानं उभ्या जन्मात आकडा तोंडानं उच्चारला नव्हता. भाव सोडा, वय विचारलं तरी गडी खांद्यावरचा दुपट्टा काढून समोरच्याच्या हातावर टाके, त्याखाली आपला हात घाले आणि बोटं दाबून सांगे. एकदा वैद्यानं विचारलं, जुलाब किती वेळा झाले? तर हा खाटेवर पडल्या पडल्या दुपट्टा चाचपायला लागला.

आता ही रीत काही त्यानं काढलेली नव्हे. आमच्या अमरावतीच्या कापसाच्या बाजारात सौदा असाच व्हायचा. घेणारा व्यापारी आणि कास्तकाराचा, म्हणजे शेतकऱ्याचा, दलाल समोरासमोर बसायचे, हातांवर फडकं. एक बोट धरलं की एक, सगळा पंजा धरला की पाच. भाव त्या दोघांनाच कळे, बाकीच्यांना नुसतं फडकं हलताना दिसे. पण बाकीचे दलाल बाजार उठला की फडकं झटकून घरी जायचे आणि माणसासारखं बोलायचे. जानराव वांगीसुद्धा फडक्याखाली घ्यायचा. आता वांगी विकायला बसलेली बाई, परक्या बाईचा हात कसा धरणार? मग तिनं नवऱ्याला हाक मारायची, त्यानं बैल सोडून यायचं, दोघांनी मांडी घालून बसायचं आणि शेरभर वांग्यांचा सौदा ठरायचा. त्या बाईनं पुढे पुढे वांगी फुकट द्यायची तयारी दाखवली. हा घेईना.

"काऊन एवढा खटाटोप, जानरावभाऊ?" मी विचारायचो.

"भितीले कान असते, बाबू," तो म्हणे. "फडक्याले नसते."

मी अर्जनवीस. कचेरीसमोरच्या निंबाखाली चटई टाकून लोकांचे अर्ज लिहायचो. स्वभाव तापट, हे आधीच कबूल करतो. दर अर्जामागं दोन आणे घ्यायचो, आणि ते दोन आणे ठरवायला जानराव दुपट्टा काढू लागला की माझं डोकं फिरायचं. तोंडानं बोलायचं असलं तर बोल, नाहीतर ऊठ, असं मी त्याला कितीदा तरी बजावलं होतं.

दिवस मोठे मजेचे होते. सातासमुद्रापार अमेरिकेत लढाई पेटली आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. भातकुलीचे कास्तकार बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या घालून बाजारात यायचे. जानराव त्या काळात एकदा अकोल्याला गेला. तिथल्या एका व्यापाऱ्यानं भर बाजारात ओरडून भाव सांगितला. जानरावानं कानांवर हात ठेवले, गाडीला बैल जुंपले आणि तसाच अमरावतीला परत आला. दोन दिवसांची वाट, सौदा तर झालाच नाही.

पैसा दिसला की सरकार दिसतं. गावात नवी कमिटी झाली, रस्ते करायचे म्हणून तिनं बाजारावर पट्टी बसवली. दवंडी पिटली, ती अशी: वर्षभरात धंद्यात ज्याच्या हाती जेवढा पैसा आला तेवढा सगळा सांगावा, खर्च वजा करू नये, शंभराला एक रुपया भरावा. आकडा अर्जात लिहून द्यावा आणि तहसीलदारासमोर शपथेवर तोंडीही सांगावा. न सांगेल त्याचा बाजारातला परवाना गेला.

नफा नाही, आवक. बाजारात नुसता आकांत. ज्यांच्या घरी काल तुपाच्या घागरी लवंडत होत्या ते एका रात्रीत गरीब झाले. माझ्या चटईवर रांग लागली, जो तो निम्मं लिही, पाव लिही म्हणे. मीही लिहीत होतो, आपल्या बापाचं काय जातं.

जानराव आला शेवटच्या दिवशी. बसला, दुपट्टा टाकला, माझा हात धरला. मी दात-ओठ खात बोटं मोजली. चार बोटं, मग एक खूण, तिचा अर्थ दहापट. मग दुसरी खूण, तिचा अर्थ हजार. मी हात मागं ओढला.

"चाळीस हजार? अहो जानरावभाऊ, हे कास्तकाराचे पैशे! व्यापाऱ्यानं तुमच्या हाती देल्ले, तुमी त्याईले देल्ले. तुमची दलाली किती? शंभराले आठ आणे. दोनशे रुपये. तेवढे सांगा."

"दवंडीत काय सांगतलं? हाती आला तो. माह्या हाती आला, मी मोजला."

"पट्टी चारशे होईन. तुमच्या कमाईच्या दुप्पट. घर इकाल काय?"

"घर इकीन. देवाची शपथ घेऊन खोटं कसं सांगू, बाबू?"

अशा माणसाला काय करावं? कपाळ बडवून घ्यावं. मी अर्ज खरडला आणि त्याच्यासोबत आत गेलो. एकटा गेला असता तर तिथंही दुपट्टा काढला असता, म्हणून.

त्यानं काढलाच. तहसीलदार देशावरचा ब्राह्मण, स्वच्छ पगडी, चष्मा. "वर्षाची आवक?" म्हणाला, आणि जानरावानं त्याच्या मेजावर दुपट्टा पसरून हात पुढं केला. शिपाई हसायला लागला.

"तोंडानं सांगा," तहसीलदार म्हणाला.

जानरावाला घाम फुटला. ओठ हलत, आवाज निघेना. अखेर खाली बघत, एखादी शिवी उच्चारावी तसं तो म्हणाला, "चाळीस हजार."

त्या दिवसभरात तहसीलदारानं एवढा आकडा बड्या पेढीवाल्याच्याही तोंडून ऐकला नव्हता. त्यानं चष्मा काढला. "त्यातले तुमचे किती?"

"माहे?" जानराव पुन्हा दुपट्ट्याकडं वळला, म्हणून मीच सांगितलं, "दोनशे."

"मग बाकीचे कुणाचे?"

"कास्तकाराचे, साहेब. सांजच्याले नेऊन देल्ले."

"अहो, ते तुमच्या हातून गेले, तुमचे कधी झालेच नाहीत. कास्तकाराच्या मालाचा पैसा तुमची आवक नाही. तुमची आवक दलाली. दोन रुपये भरा."

दोन रुपये! मला असं हायसं वाटलं, जणू माझंच घर वाचलं. जानराव मात्र उभाच. कारण तहसीलदार पुढं बोलत होता, "आणि एक. कमिटीचा हुकूम निघतोय. यापुढं भाव मोठ्यानं सांगायचे, कारकून लिहून घेईल. हे फडक्याखालचं बंद."

चारशेला न डगमगलेला माणूस तिथं मटकन खाली बसला.

"साहेब, पाह्यजे तेवढी पट्टी घ्या. पण हे नका बंद करू."

"का? लपवायचं काय आहे तुम्हाला? आत्ताच तर सगळं सांगून टाकलंत."

"लपवाचं काई नाई." तो दुपट्ट्याची घडी करायला लागला, ती काही जमेना. "माही घरवाली लक्ष्मी जाऊन अकरा वर्सं झाली साहेब. लेकरू नाई, भाऊ नाई. घरी हाक माराले कोनी नाई. दिवसातून मानसाचा हात हातात येते तो या फडक्याखालीच. म्हनून वांगेई असेच घेतो. लोक हासते, हासू द्या."

अकरा तो तोंडानं म्हणाला. त्याचं त्यालाही कळलं नसावं. शिपायाचं हसू मावळलं. मी भिंतीकडं पाहत राहिलो, कारण त्या हाताला मी वर्षानुवर्षं झिडकारत आलो होतो आणि मला माझी लाज वाटत होती.

तहसीलदारानं चष्मा पुसून पुन्हा चढवला. मग कारकुनाला म्हणाला, "लिहा. सौदा व्यापाऱ्यांच्या रीतीनं करावा. झाल्यावर तासाभरात दोघांच्या सहीची चिठ्ठी कचेरीत द्यावी. कमिटीला मी सांगतो." कमिटीनं ते मान्य केलं, आणि आमच्या बाजारातलं फडकं राहिलं.

बाहेर आलो. ऊन चांगलं तापलं होतं. जानराव दोन रुपयांची पावती पुन्हा पुन्हा पाहत होता, वाचता येत नव्हती तरी. "सुटलो रे बाबू," तो म्हणाला. मग थबकला. "तुहे अर्जाचे काय झाले?"

काय झाले म्हणजे, दोन आणे. सगळ्या गावाला माहीत होतं. मी चटईवर बसलो, त्याचा दुपट्टा मागून घेतला, आमच्या दोघांच्या हातांवर टाकला आणि त्याची दोन बोटं धरली. त्यानं मान हलवून माझी चार धरली. मी पुन्हा दोन. तो पुन्हा चार. शेवटी तिनावर ठरलं.

ठरलं तरी त्यानं हात सोडला नाही. मीही काढला नाही. तेवढ्यात एक माणूस अर्ज घेऊन चटईच्या कडेशी येऊन उभा राहिला आणि खाकरला.

"थांब बापा जरासा," मी त्याला म्हटलं. "सौदा चालू आहे."