आजींना पूर्ण गुण

घरी राहणाऱ्या वृद्धांच्या हालचालीतल्या अडचणी मोजण्याचं काम कार्यालयाने माझ्याकडे सोपवलं आहे. अडचण खरी की खोटी, हे मी बघत नाही. ती रकान्यात बसली पाहिजे. सोबत एक घड्याळ, मोजायची फीत आणि आठ प्रश्नांचा तक्ता असतो.

दोन महिन्यांपूर्वी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे गेलो. त्यांची मागणी अगदी किरकोळ होती. दुसऱ्या मजल्याखाली जिन्याचा कठडा तुटला होता, तेवढा बसवून हवा होता. समोरच्या इमारतीत त्यांची धाकटी बहीण राहते. दोघी दोन वर्षं खिडकीतूनच एकमेकींना हात करतात. आठांपैकी तीन प्रश्नांना ‘त्रास होतो’ असं उत्तर आलं, की कठडा मंजूर.

“आजी, गेल्या महिन्यात जिना उतरताना त्रास झाला?”

“उतरतेय कुठे? दोन वर्षं झाली.”

“म्हणजे त्रास नाही.” मी खूण केली.

“अरे, कठडा नाही म्हणून उतरत नाही ना!”

“कारणाला रकाना नाही. रस्ता ओलांडताना?”

“रस्ता मी खिडकीतूनच बघते.”

“त्रास नाही. कुठे पडलात?”

“दोन्ही हातांनी टेबल धरून चालते. पडेन कशी?”

“पडलेल्या नाहीत. छान!”

आजी भडकल्या. “मग आता तुझ्यासाठी पडून दाखवू का?”

मोजणीच्या वेळी पडलेलं धरत नाहीत, हे मी त्यांना नम्रपणे सांगितलं. दारात मुलगा उभा होता. आईला खाली नेताना अडचण येते का, असं त्यालाही विचारलं.

“छे! आम्ही नेतच नाही,” तो म्हणाला आणि ओशाळून मोबाईल बघू लागला. त्याचीही खूण केली.

आजींना पूर्ण गुण मिळाले. समोरच्या बहिणीलाही मिळाले, कारण तीही उतरत नव्हती. सगळा विभाग अडचणमुक्त ठरला आणि माझा सत्कार झाला. खरं सांगतो, डोळे भरून आले. मग वापर शून्य म्हणून दोन्ही इमारतींचे उरलेसुरले कठडे काढून आमच्या कार्यालयाच्या जिन्याला बसवले. आम्हाला रोज चढावं लागतं.

गेल्या आठवड्यात ती बहीण वारली. दोन वर्षांनी जिना उतरली, चौघांच्या खांद्यावरून. कठडा नसल्यामुळे वळणावर जागा भरपूर मिळाली, असं चौघांनी लेखी दिलं आहे.

पुरवणी तक्ता घेऊन मी आजींकडे गेलो. बहिणीचं शेवटचं दर्शन घ्यायला जाताना काही त्रास झाला का, म्हणून विचारलं. त्या खिडकीपाशी उभ्या होत्या. वळल्यासुद्धा नाहीत. उत्तर आलं नाही, की ‘त्रास नाही’ लिहायचं असा नियम आहे.

आता पाळी तुमच्या घराची. तुम्हाला फार वेळ लावत नाही, एकच प्रश्न आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हात धरून खाली नेताना तुम्हाला शेवटचा त्रास कधी झाला?

आठवत नाही ना? उत्तम. इथे सही करा.